बुफेचा चमचा आणि आजारी हात

प्रवासी जहाजांवरील भटारखान्यांत आपल्या कोकणातील तरुणही रोजी कमावतात. तेथील शिस्त हॉटेल, खानावळ व लग्नाच्या दावती सांभाळणाऱ्या बांधवांनी समजून घ्यावी.

अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांच्या स्वच्छतेचा कार्यक्रम तेथील आरोग्य खात्याने १९७५ साली सुरू केला. तपासणीत १०० पैकी ८५ किंवा कमी गुण मिळाले की जहाज नापास. गरम पदार्थ किमान ५७ अंश सेल्सिअसला, थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली ठेवावे लागतात.

पण बुफेत मोठा धोका नोरो विषाणूचा. उलट्या-जुलाब झालेल्याचा हात चमच्याला लागला की तोच चमचा शेकडो हातांत फिरतो. अल्कोहोलचे द्रव चोळून हा विषाणू नीट जात नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे. म्हणून साथ दिसताच चमचा वाढप्याच्या हाती देतात. आजारी कर्मचाऱ्याला त्रास थांबल्यावरही किमान ४८ तास अन्नाला हात लावू देत नाहीत.

आपण मालक मंडळी इथेच चुकतो. रोजी कापली जाईल या भीतीने नोकर दुखणे लपवतो आणि कामावर येतो. त्याला दोन दिवसांची मजुरी देऊन घरी पाठवावे. ग्राहकाचे आरोग्य ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.