पुसदची नगरपालिका ते राज्याचे मुख्यमंत्रिपद : वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीचा अभ्यास



महाडच्या नगरपालिकेचे नाव आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी घेतले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. एका लहान गावाची नगरपालिका हक्क देऊही शकते आणि दिलेला काढूनही घेऊ शकते, हा या घटनेचा एक धडा आहे. सत्याग्रहाचा धडा आपण घेतला. नगरपालिकेचा धडा मात्र अजून पुरता गिरवलेला नाही, असे आम्हास वाटते. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही आपल्याच भागातील एका नगराध्यक्षाची कारकीर्द अभ्यासाला घेतली आहे.

आपल्या महागावच्या शेजारी पुसद तालुका. त्या तालुक्यातील गहुली या बंजारा तांड्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म झाला. ज्या समाजांतील कित्येक तांड्यांवर इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया होती, त्यांपैकी हा एक समाज. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तेव्हा वसंतरावांचे वय ३९ वर्षांचे होते आणि त्याच वर्षी ते आमदार व उपमंत्री झाले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांनी चढलेला घाट किती उभा होता, हे कळते.

त्यांचे सुरुवातीचे शिक्षण आसपासच्या गावांत आणि पुढचे नागपुरास झाले. मॉरिस कॉलेजातून १९३८ साली ते बी. ए. झाले व १९४० साली त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. १९४१ साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी असा विवाह करणे म्हणजे दोन्हीकडचा रोष पत्करणे होते. पुढे त्यांनी पुसदला वकिली सुरू केली.

१९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर होते. नगराध्यक्षाचे काम म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. गावात नळ कुठपर्यंत न्यायचा, दिवा कोणत्या गल्लीत लावायचा, कर कोणाला किती बसवायचा, सफाई कामगारांचा पगार वेळेवर निघतो की नाही, शाळेच्या दुरुस्तीला पैसा उरतो की नाही, हे सारे त्या टेबलावर ठरते. जमा आणि खर्च समोर असतात आणि मागणाऱ्यांची रांग दाराशी असते. आम्ही बँकेत कारकुनी करतो. ज्याने एकदा रोजची शिल्लक जुळवली आहे, त्याला पुढे कोणी आकड्यांनी फसवू शकत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. कारभाराचेही तसेच आहे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून निवडून आले. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता व राजधानी नागपूर होती. त्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा त्यांच्याकडे सहकार व नंतर शेती खाते आले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि ते महसूल मंत्री झाले. पायरी एकेक होती. मधली एकही त्यांनी गाळली नाही.

येथे आपल्या अभ्यासाचा गाभा येतो. राज्य झाल्याबरोबर, १९६० सालीच, ग्रामीण कारभार लोकांच्या हाती कसा द्यावा हे ठरवण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. त्याआधी १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवरील पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा हा मुख्य घटक मानला. जिल्हा परिषद बलवान असावी, तिला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी असावा आणि जिल्हाधिकारी परिषदेच्या बाहेर राहावा, अशी तिची मांडणी होती. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा या मांडणीवर उभा राहिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सहा वर्षे ज्याने गावाचा कारभार पाहिला होता, त्याच्या अध्यक्षतेखाली राज्याच्या कारभाराचा हा आराखडा तयार झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाल्यावर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, ते त्या पदावर राहिले. या काळात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे झाली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २००५ च्या देशव्यापी कायद्याचे बीज तिच्यात होते. मागेल त्याला काम हे तत्त्व आमच्या खिडकीपाशी मजुरीसाठी पासबुक घेऊन उभ्या राहिलेल्या आयाबहिणींच्या रूपाने आम्ही पाहिले आहे. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वसंतरावांचे निधन झाले. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो.

अभ्यास म्हणजे नुसती आरती नव्हे. तथागतांनीच सांगितले आहे की, परंपरेने आले म्हणून काही मानू नये, पारखून घ्यावे. तेव्हा दुसरी बाजूही पाहू. ते महसूल मंत्री असताना १९६१ चा जमीन कमाल मर्यादा कायदा झाला. पण ती मर्यादा इतकी उंच होती की, १९७५ साली ती खाली आणावी लागली. डिसेंबर १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला व देशभर लाखो लोक तुरुंगात गेले. तेव्हा राज्याची सूत्रे वसंतरावांकडेच होती. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली, तीही त्यांच्याच काळात. तांड्यातून आलेला माणूस मुख्यमंत्री झाला, तरी वस्तीवरचा अन्याय आपोआप थांबला नाही. एक माणूस वर गेल्याने सारा समाज वर जात नाही. खालच्या पायरीवर आपली माणसे जागरूक उभी असावी लागतात.

आता ती पायरी आपल्या दाराशी आली आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने गाव आणि शहरांच्या संस्थांत अनुसूचित जाती-जमाती व महिलांना राखीव जागा मिळाल्या. अध्यक्षपदेही राखीव झाली. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा आहेत. आमच्या तरुणपणी जे महागाव ग्रामपंचायतीचे गाव होते, तेथे आता नगरपंचायत आहे. सोडतीत पद राखीव निघते, तेव्हा आपल्यात आनंद होतो. पण त्यानंतर काय होते? उमेदवार दुसरेच निवडतात, ठराव दुसरेच लिहितात आणि आपला माणूस सही करतो. खुर्ची घटनेने दिली. तिच्यावर बसून अंदाजपत्रक वाचण्याची ताकद मात्र ज्याची त्यानेच कमवायची आहे.

आपली हुशार मुले नोकरीच्या परीक्षा देतात, हे योग्यच आहे. आम्हीही तेच केले. मात्र नगरपंचायतीचा कारभार म्हणजे घाण, त्यात चांगल्याने पडू नये, असे घराघरांत बोलले जाते, ते योग्य नाही. चांगल्यांनी पाठ फिरवली म्हणजे ठराव मागे घेणारे पुढे सरसावतात, हे महाडने १९२७ मध्येच दाखवले आहे.

म्हणून या लेखासोबत आम्ही विद्यार्थ्यांना तीन कामे देत आहोत. पहिले, आपल्या प्रभागाच्या सदस्याचे नाव व मागील सभेतील ठराव माहीत करून घ्या. दुसरे, नगरपंचायतीचे किंवा ग्रामपंचायतीचे चालू अंदाजपत्रक मागून घेऊन मागासवर्गीय वस्तीसाठी किती रक्कम ठेवली व किती खर्च झाली, ते वहीत लिहा. तिसरे, ती वही संस्थेच्या पुढील बैठकीत सर्वांपुढे वाचून दाखवा. पुसदच्या त्या नगराध्यक्षाची सुरुवात याच प्रकारच्या कागदांपासून झाली होती. आपली सुरुवातही तेथूनच व्हावी.

जयभीम!