रक्त पातळ करणारी गोळी देताना

अमळनेर

चि. ताईस,


सुरतेत लिंबायतच्या मेडिकलवर तू रुजू झालीस हे कळलं, फार आनंद झाला. शिरपूरला शिकलेलं तुझं ताजं आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. पण माझी उमेदीची सगळी वर्षं सुरतेतच औषधं देण्यात गेली, त्या अधिकाराने एकाच गोळीबद्दल लिहितो. हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांना रक्त पातळ करायला देतात ती गोळी.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट असतो. वॉरफेरिन नीट घेतलं, तर त्यातले सुमारे दोन तृतीयांश झटके टळतात. पण ‘नीट’ म्हणजे रक्त गोठण्याचा आकडा, आयएनआर, २ ते ३ च्या दरम्यान. खाली गेला की गुठळी, फार वर गेला की रक्तस्राव. हृदयाच्या डॉक्टरांना हा पेशंट दोन-तीन महिन्यांतून एकदा भेटतो. तुझ्याकडे तो दर महिन्याला येतो, आणि मधल्या काळात काय बिघडलं ते आधी तुलाच दिसू शकतं.

म्हणून पाकीट हातात देण्याआधी विचार: शेवटचा आयएनआर कधी काढला, किती आला? डोस बदलला का? मध्ये दुसरी कुठली औषधं घेतली? कुठून रक्त गेलं का? एका वहीत प्रत्येकाचं पान कर आणि उत्तरं तारखेसह लिही. तपासणीला महिना उलटून गेला असेल, तर आधी रिपोर्ट काढायला सांग.

वॉरफेरिनच्याच जातीचं असेनोकुमरॉल १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. एकच्या जागी चारची गोळी गेली तर काय होईल, ते तुला सांगायला नको. स्ट्रिपवरचा आकडा मोठ्याने वाच, चिठ्ठीशी ताडून पाहा. ‘सोम, बुध, शुक्र ३, बाकी दिवस २’ असं लिहिलेलं असलं, तर दोन वेगळी पाकिटं कर. वाचता येत नसेल त्याच्यासाठी एका पाकिटावर ठळक फुली मार आणि कोणत्या वारी कोणतं, हे त्याच्याच तोंडून परत वदवून घे. मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी, ज्या भाषेत तो घरी बोलतो त्या भाषेत. नुसती मान हलवली म्हणजे समजलं, असं धरू नकोस.

खरा घात दुसऱ्या गोळ्यांनी होतो. लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस कंबरदुखीला डायक्लोफिनॅक मागतो. घामाने गजकर्ण झालेला फ्लुकोनाझोल मागतो, जुलाब लागलेला मेट्रोनिडाझोल. पहिलीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, बाकीच्या दोन्ही आयएनआर चढवतात. टीबीच्या रिफाम्पिसिनने तो उतरतो, आणि कोर्स संपला की पुन्हा चढू लागतो. ते आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे. मेथी-पालक बंद करायला लावू नकोस. रोज साधारण सारखंच प्रमाण असू दे, उत्तरायणात उंधियूवर एकदम ताव नको, एवढं सांग.

आपली माणसं आखाजीला, लग्नसराईला भुसावळच्या गाडीने गावी जातात आणि गोळी तिथे खंडते. ‘गावी कधी निघालात?’ हे विचारत जा. परतीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या दे आणि औषधाचं नाव, ताकद, शेवटचा आयएनआर एका कागदावर लिहून दे. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आता अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन या गोळ्याही स्वस्त झाल्या आहेत. त्यांना आयएनआर लागत नाही, म्हणून लोक ‘तीच द्या’ म्हणतील. पण संधिवाताच्या तापाने झडप बरीच आवळलेली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर त्या चालत नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत संधिवाती झडपेच्या पेशंटांमध्ये जुनी गोळीच सरस ठरली, आणि आपल्याकडे असे पेशंट पुष्कळ आहेत. ज्यांना नवी गोळी दिली आहे, त्यांना किडनीची तपासणी विचार. रिव्हारोक्साबॅनची २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, म्हणून एकादशीला, नवरात्रात काय खाणार तेही विचार. या गोळ्यांचा असर दिवसभरात ओसरतो. एक दिवसाची हयगयही महागात पडते.

डोस मात्र आपल्या मनाने कधी बदलू नकोस, चिठ्ठीवरचं नाहीच तर त्याऐवजी दुसरं देऊ नकोस. शंका आली की पेशंटसमोरच डॉक्टरांना फोन लाव. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, मग जखम दिसो न दिसो: लगेच दवाखाना. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर १०८.

संध्याकाळी पाळी सुटली की गल्ल्यापुढे रांग लागेल आणि मालक म्हणतील, बोलण्यात वेळ जातो. त्यांना नम्रपणे सांग की २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी पेशंटला समजावून सांगणं आपल्यावर सोपवलेलं आहे. आणि या पेशंटांना दुपारच्या निवांत वेळी बोलाव, म्हणजे मालकांची अडचण होणार नाही, तुझीही होणार नाही. ती वही या आठवड्यातच सुरू कर. पहिल्या महिन्यात काय अडलं ते मला लिही, आपण मिळून वाट काढू.

तुझा,
मामा