डावा हात, उजवा हात

आमच्या शाळेच्या मैदानावर एक सिंगल बार आहे. नववीतील एक मुलगा रोज सकाळी त्याला लटकत असे. व्हॉलीबॉलच्या संघात त्याची निवड झाली नव्हती. उंची कमी पडली, असे त्याला वाटत होते.

एके दिवशी सकाळी तो धावतच माझ्याकडे आला. "सर, माझी उंची एक सेंटिमीटर वाढली!"

"छान! संध्याकाळी पुन्हा मोजू या," मी म्हणालो.

संध्याकाळी उंची पूर्वीइतकीच भरली. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "अब्बांची उंची कमी, दादाजानांचीही कमी. म्हणजे मी कितीही कसरत केली तरी असाच राहणार?"

मुलांनो, हा प्रश्न त्या एकट्याचा नाही.

आपल्या पाठीच्या कण्यात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ चकती असते. दिवसभर शरीराच्या भाराने या चकत्या दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात. म्हणून सकाळी आपण सगळेच सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो! बारला लटकूनही थोडा वेळ एवढेच होते. खरी उंची वाढते ती पायांच्या आणि पाठीच्या हाडांमुळे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चा असते. ती वाढते, तसे हाड लांब होते. वयात आल्यावर काही वर्षांनी या कूर्चेचेही हाड बनते. मग कोणताही व्यायाम उंची वाढवू शकत नाही.

ही वाढ किती व्हावी, हे बऱ्याच अंशी आईवडिलांकडून मिळालेली जनुके ठरवतात. पण अन्न आणि आजार यांचाही त्यात वाटा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हॉलंडचे लोक युरोपात ठेंगणे समजले जात. आज ते जगातील सर्वांत उंच लोकांत मोडतात. एवढ्या थोड्या काळात जनुके फारशी बदलत नाहीत. बदलले ते मुख्यतः खाणेपिणे आणि आरोग्य.

मग व्यायामाने काय बदलते? ऑस्ट्रेलियाचा टेनिसपटू रॉड लेव्हर डाव्या हाताने खेळत असे. १९६२ आणि १९६९ या दोन्ही वर्षी त्याने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत उजव्यापेक्षा चांगलाच जाड होता. आता पाहा, दोन्ही हात एकाच माणसाचे. जनुके तीच, रक्त तेच, पोटात गेलेले अन्नही तेच. फरक फक्त कामाचा!

शास्त्रज्ञांनी अनेक टेनिसपटूंच्या हातांची क्ष-किरणांनी तपासणी केली. त्यांना आढळले, की खेळणाऱ्या हाताचे नुसते स्नायूच नव्हे, तर हाडही जाड झालेले असते. ज्यांनी लहानपणी खेळायला सुरुवात केली, त्यांच्या हाडांना याचा लाभ अधिक झाला होता. हात मात्र हातभर लांब झाला नव्हता.

अर्थात, व्यायामाचे फळ सर्वांना सारखे मिळत नाही. १९९० नंतरच्या दशकात अमेरिका आणि कॅनडा येथील काही कुटुंबांना वीस आठवडे सारखाच सायकलचा व्यायाम दिला होता. काहींचा दम खूप वाढला, काहींचा अगदी थोडा. एकाच घरातल्या माणसांत मात्र हा फरक कमी होता. म्हणजे तिथेही जनुके आलीच! पोटरीचा आकारही पुष्कळसा असाच घरातून येतो. व्यायामाने ती भरते, पण तिची ठेवण तीच राहते.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. व्हॉलीबॉलमध्ये १९९८ पासून 'लिबेरो' नावाचा खेळाडू असतो, हेही सांगितले. तो मागे राहून चेंडू उचलतो. त्याला उंचीपेक्षा चपळाई लागते.

मुलगा काही बोलला नाही. पण हल्ली तो बारला नुसता लटकत नाही, हनुवटी दांडीच्या वर नेतो. काल पाहिले, तर अम्मीची शिवणाची टेप घेऊन तो आधी डावा दंड मोजत होता, मग उजवा.