बुटक्या भाताची गोष्ट

हस्ताचा पाऊस लागतो. भात निसवलेले असते, लोंब्या भरत आलेल्या असतात. एका रात्री वारा सुटतो. सकाळी जाऊन पाहावे तर भात आडवे! लोंब्या चिखलात लोळतात. काही दाणे पोचट राहतात, काहींना तिथेच मोड येतात. हाताशी आलेला घास जातो.

दोष वाऱ्याचा, हे खरे. पण शेजारच्या खाचरातले बुटके भात उभेच असते. वारा तर दोघांकडे सारखाच होता. मग असे का?

पूर्वीचे भात छातीइतके, कधी डोक्याइतके उंच वाढे. त्याला जास्त खत घातले की ताट आणखी उंच होई आणि लोंबी जड होई. लांब काठीच्या टोकाला गाठोडे बांधले तर काठी वाकणारच. खत घालावे, आणि पीक आडवे पडावे! जुना शेतकरी खताला हात आखडता घेई, तो काही अडाणी म्हणून नव्हे.

तेव्हा ताट आखूड आणि टणक हवे होते. पाने ताठ हवी होती, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. फुटवे भरपूर हवे होते.

तैवान बेटावर अशी एक बुटकी जात होती. तिचे नाव डी-जिओ-वू-जेन. नाव घेताना जीभ अडखळते, पण जात मोलाची. इंडोनेशियात पेटा नावाची उंच, जोमदार जात होती. फिलिपाईन्स देशात लॉस बानोस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथे १९६२ साली या दोन जातींचे लग्न लावले.

लग्न कसे लावतात? भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. फूल आपले आपणच फळते. म्हणून फूल उमलण्याआधी त्यातले नर भाग चिमट्याने काढतात आणि दुसऱ्या जातीचे पराग त्यावर झाडतात. काम फार नाजूक. या लग्नातून १३० दाणे मिळाले.

ते पेरले, तर सगळी रोपे उंच! बुटकेपणा गेला कुठे? तो गेला नव्हता, लपला होता. या रोपांचे बी पुढे पेरले. सुमारे १० हजार रोपे झाली, आणि त्यांत चारांत एक रोप बुटके निघाले.

हे नीट समजून घेऊ. प्रत्येक बीजात गुणांचे सांगावे असतात. त्यांना जनुके म्हणतात. एका गुणाचे सांगावे दोन. एक आईकडून, एक बापाकडून. उंचीचा एक जरी सांगावा धड असला तरी रोप उंच होते. दोन्ही तुटके असले तरच ते बुटके राहते. दोन नाणी एकदम उडवून पाहा. दोन्हींवर छापा पडणे हे साधारण चार वेळांत एकदाच घडते. तसेच हे.

हा तुटका सांगावा नेमका कोणता, ते २००२ साली शोधून काढले. भाताच्या अंगात वाढीचा एक रस असतो. त्याला जिबरेलिन म्हणतात. तो तयार करणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच तैवानच्या जातीत गळलेला आहे. म्हणून रस कमी, आणि ताटाची पेरे आखूड. लोंबी मात्र आखडत नाही, कारण फुलोऱ्यात त्याच कामाचे दुसरे जनुक असते. हे आपले नशीबच म्हणायचे!

पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. २८८ व्या ओळीतले तिसरे रोप पसंत पडले. त्याची जात १९६६ साली आयआर ८ या नावाने बाहेर आली. उंची कमरेइतकी. चांगले खतपाणी दिल्यावर तिने हेक्टरी ९ टनांवर भात दिले, म्हणजे एकरी ३६ क्विंटल! पण शिजवलेला भात गार झाला की कडक होई. रोगही पडे. लोकांनी नाक मुरडले, आणि ते बरोबरच होते. भारतात १९६८ साली जया ही जात आली. गोव्यात आणि कोकणात ती पुष्कळांनी लावली आहे. तिचा बुटकेपणाही त्याच तैवानच्या जातीचा.

बुटक्या भाताचा पेंढा कमी निघतो. गुरांच्या वैरणीचा हिशोब आधी करावा. आणि ज्या खाचरात खोल पाणी तुंबते तिथे बुटके रोप बुडून मरते. तिथे उंच जातच बरी.

आता बियाण्याचे पाहू. जया ही सुधारित जात आहे. अनेक पिढ्या निवडल्यामुळे तिचे दोन्ही सांगावे सारखे झाले आहेत. तिचे बी घरी राखता येते. वेगळी दिसणारी रोपे मात्र कापणीआधी उपटून टाकावीत. संकरित भाताचे तसे नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे सह्याद्री हे वाण संकरित आहे. त्यात आईचा सांगावा एक, बापाचा दुसरा. पहिल्या वर्षी पीक जोरात येते. त्याचेच बी पुन्हा पेरले की लपलेले गुण वर येतात. काही रोपे लवकर निसवतात, काही उशिरा. दाणाही एकसारखा राहत नाही. म्हणून संकरित बी दर वर्षी नवे घ्यावे लागते, आणि तो खर्च पेरणीआधीच धरावा लागतो.