धावती गाडी बंद पडते, अर्ध्या तासानं चालू होते

प्रश्न : आमचं डिझेल पिकअप जुनं आहे, साध्या पंपाचं. पिंपळीहून डाळिंबाचे क्रेट भरून इंदापूरला निघालो की भवानीनगरपर्यंत गाडी छान पळते. पुढे ओढ कमी होते, झटके देते आणि बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन जोरात फिरतं, पण चालू होत नाही. अर्धा तास थांबलं की काहीच झालं नव्हतं अशी चालू होते. डिझेल फिल्टर बदलला, आठवडाभर बरी चालली, पुन्हा तेच. आता मेस्त्री म्हणतात, पंप उतरवू. उतरवावा का?
– एक वाचक, पिंपळी (ता. बारामती)

उत्तर : अजून नको. गाडी का चालू होत नाही, यापेक्षा ती कशी बंद पडली हे जास्त सांगून जातं, आणि तुम्ही ते नेमकं लिहिलं आहे. किल्ली फिरवल्यासारखं इंजिन एका क्षणात गप्प झालं असतं, तर मी आधी वायरिंग, फ्यूज आणि पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड तपासायला सांगितलं असतं. टेंपरेचरचा काटा चढून, जड आवाज करत थांबलं असतं, तर सेल्फला हातही लावू नका म्हटलं असतं. तुमची गाडी ओढ गमावत, झटके देत बंद पडते. तिला डिझेल पुरत नाही, असा माझा अंदाज आहे.

खात्री धुरावरून होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, हे रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये यशस्वी करून दाखवलेलं तत्त्व तुमच्या गाडीतही तेच आहे. पुढच्या वेळी बंद पडली की एकानं सेल्फ मारावा, दुसऱ्यानं सायलेन्सरकडे बघावं. पांढरा धूर आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग कॉम्प्रेशन आणि टायमिंगकडे वळायचं. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. सेल्फ एका दमात दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातील आणि मूळ दोष राहील तिथेच.

आता अर्ध्या तासाचं कोडं. फीड पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. इंजिन जाळतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल वर येतं आणि उरलेलं रिटर्न पाइपनं टाकीत परत जातं. या सततच्या ओढीनं टाकीच्या तळातला गाळ जाळीवर जाऊन चिकटतो. लोड असला की डिझेल जास्त लागतं, म्हणून रिकामी गाडी कदाचित त्रास देत नसेल. इंजिन थांबलं की ओढ संपते, गाळ सुटून खाली बसतो आणि वाट मोकळी होते. नवा फिल्टर आठवडाभर टिकला याचा अर्थही हाच असावा : घाण मागून येतेच आहे.

ही घाण कुठून येते, यावर मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण आपल्या भागात याकडे फार दुर्लक्ष होतं. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये आणून ठेवलेलं डिझेल गरज पडली की पिकअपमध्येही ओतलं जातं. कॅनच्या तळाशी धूळ आणि पाणी असतं. टाकी कायम पाव भरलेली ठेवली तर रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री थंड होऊन पाणी उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं, आणि जिथे पाणी व डिझेल एकमेकांना भिडतात तिथे जिवाणू आणि हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी वाढते. तिचा बुळबुळीत काळा थर जाळी बंद करतो. नुसता फिल्टर बदलून तो जात नाही. टाकी उतरवून धुवावी लागते, आतली जाळीही काढून साफ करावी लागते.

त्याआधी बिनखर्चाची एक परीक्षा करा. गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. जोरात ‘फुस्स’ होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. डिझेल वर जातं पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, त्यामुळे पोकळी तयार होते. झाकण बदललं की काम झालं.

ते नसेल तर दुसरी परीक्षा मेस्त्रीकडून करून घ्या. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन इंजिनपेक्षा उंचावर, गरम सायलेन्सरपासून लांब बांधायचा आणि टाकीचा पाइप काढून फीड पंपाला कॅनमधून डिझेल द्यायचं. रिटर्नही कॅनमध्येच सोडायचं. तेवढाच लोड घेऊन गाडी न थांबता चालली, तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे. त्यात जुना रबरी पाइपही येतो. ओढीच्या बाजूला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते; म्हणून पाइप बाहेरून कोरडा दिसतो आणि सगळे फसतात. फिल्टर आणि पंपामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पाइप बदलल्यावर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हँड पंप मारत, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची. नोझलचे पाइप सैल करावे लागले तर हात दूर ठेवा. तो फवारा कातडीतून आत घुसतो. कॉमन रेल गाडीत तर ते नट चालत्या इंजिनवर उघडायचेच नाहीत, तिथला दाब हजार बारच्याही वर जातो.

दोष सापडेपर्यंत लोड घेऊन जाणं टाळा. धावताना इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंपही थांबतो. साठलेल्या व्हॅक्युमवर एक-दोनदाच ब्रेक नीट लागतो, म्हणून पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्या. गाळपाच्या हंगामात भवानीनगरच्या रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे, बऱ्याच अंतरावर, परावर्तक त्रिकोण ठेवल्याशिवाय बॉनेट उघडू नका.

आणि पंप? तो खरंच झिजला असेल तर खूण वेगळी असते. गरम गाडी रस्त्यावर व्यवस्थित चालते, पण बंद केली की पुन्हा चालू होत नाही, कारण तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या झिजेतून निसटतं. अशा वेळी पंपावर ओलं फडकं काही मिनिटं ठेवलं की गाडी चालू होते. थेट गार पाणी ओतू नका, पंप जाम होऊ शकतो. पंपाच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते, त्यामुळे उघड्यावर, धुळीत तो खोलणं म्हणजे चांगला पंप बिघडवणं. कॅनवरही गाडी बंद पडली आणि फडक्यानं चालू झाली, तर मात्र पंप उतरवा आणि ज्याच्याकडे टेस्ट बेंच आहे अशाच पंप-नोझलवाल्याकडे द्या.