हेन्री हॅम्प्टन यांचे अनुबोधपट : साक्षीचे सामर्थ्य आणि मर्यादा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा इतिहास बऱ्याच अंशी नेत्यांच्या चरित्रांतून सांगितला गेला. हेन्री हॅम्प्टन (१९४०-१९९८) यांनी तो चळवळीत प्रत्यक्ष वावरलेल्या माणसांच्या साक्षींतून उभा केला. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन हे मुख्यतः 'साक्ष' या संकल्पनेचे मूल्यमापन ठरते.

सेंट लुइस येथील एका शल्यविशारदाच्या घरी जन्मलेल्या हॅम्प्टन यांनी साहित्याची पदवी घेतली होती. पोलिओने त्यांचा पाय अधू झाला होता. मार्च १९६५ मध्ये युनिटेरियन धर्मसंघटनेत काम करीत असताना ते सेल्मा येथील मोर्चात सामील झाले. १९६८ मध्ये त्यांनी बॉस्टन येथे 'ब्लॅकसाइड' ही चित्रपटसंस्था स्थापन केली. चळवळीवरील त्यांचा पहिला प्रकल्प फसला. तथापि १९८७ मध्ये 'आइज ऑन द प्राइझ' ही सहा भागांची मालिका व १९९० मध्ये तिचे पुढील आठ भाग प्रसारित झाले.

या मालिकेची रचनातत्त्वे लक्षणीय आहेत. घटनेच्या वेळी जी व्यक्ती हजर होती, तिलाच कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा अधिकार. इतिहासतज्ज्ञांचे साहाय्य निर्मितीपूर्व अभ्यासापुरते. प्रसंगांचे नाट्यीकरण वर्ज्य. ज्युलियन बाँड यांचे निवेदन संयत आहे. सेल्माचे तत्कालीन महापौर जोसेफ स्मिथरमन यांच्यासारख्या विरुद्ध बाजूच्या माणसांनाही येथे बोलू दिले आहे. परिणामी अन्याय हा केवळ पीडितांच्या तक्रारीचा विषय न राहता, तो करणाऱ्या व्यवस्थेच्या तोंडूनही उलगडतो.

मात्र उपस्थितीची ही कसोटी सर्वस्वी निर्दोष नाही. १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिल याची हत्या झाली. ज्या दुकानातील प्रसंगापासून या प्रकरणास आरंभ झाला, त्याचे वर्णन पहिल्या भागात टिलचे नातलग कर्टिस जोन्स करतात. ते त्या वेळी तेथे नव्हते, असे अन्य नातलगांनी पुढे स्पष्ट केले. म्हणजे साक्षीलाही संहितेप्रमाणे पाठचिकित्सा आवश्यक असते.

दुसरी मर्यादा मालकीची. चळवळीची जुनी दृश्ये, छायाचित्रे व गीते यांचे हक्क इतरांकडे होते आणि परवाने मुदतीचे होते. १९९० च्या दशकात ते संपले आणि मालिकेचे प्रसारण थांबले. नव्याने निधी व परवाने मिळाल्यावर २००६ मध्ये पहिली मालिका पुन्हा दाखविली गेली. तोपर्यंत हॅम्प्टन हयात नव्हते. ज्यांनी इतिहास घडविला, त्यांच्याच प्रतिमा त्यांच्या वारसांना विकत घ्याव्या लागल्या.

मराठी अभ्यासकांना या प्रश्नांची जवळीक सहज जाणवेल. १९९० च्या भागांत ब्लॅक पँथरचा उदय येतो. त्याच संघटनेचे नाव १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने स्वीकारले. दलित आत्मकथनांतही साक्षीची नैतिक शक्ती प्रकर्षाने प्रकट झाली. फरक असा, की आत्मकथनातील 'मी' स्वतःच्या शब्दांचा धनी असतो. अनुबोधपटातील साक्षीदाराचे शब्द संकलकाच्या हाती जातात. एका साक्षीशेजारी कोणती साक्ष ठेवायची, याचा निर्णय संकलक करतो. हॅम्प्टन यांनी ही जबाबदारी कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय सहकाऱ्यांच्या संयुक्त निर्मितीगटांवर सोपविली, हे त्यांच्या वाङ्मयीन जाणिवेचेही गमक मानावे लागेल.