चाचेगिरी, गुन्हा आणि यादवी : सोमालियाचे उदाहरण

मार्च 2024 मध्ये भारतीय नौदलाने ‘रुएन’ जहाजावर पकडलेले 35 सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले. तेव्हा वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे बंडखोर की दरोडेखोर?”

जानेवारी 1991 मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली. नौदल उरले नाही; तीन हजार किलोमीटरांहून लांब किनारा राखणारे कोणी राहिले नाही. परदेशी ट्रॉलर तेथील मासळी ओरबाडू लागले. आम्ही आपला समुद्र राखण्यासाठी शस्त्र उचलले, असे चाचे सांगत. त्यात तथ्य आहे. परंतु 2005 साली त्सुनामीग्रस्तांसाठी तांदूळ नेणारे ‘सेमलो’ हे जहाजही त्यांनी सोडले नाही, हे विसरता येत नाही.

यादवीतून चाचेगिरी जन्मते, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पळवलेले जहाज महिनोन्महिने नांगरून ठेवावे लागते, खलाशांना जेवू घालावे लागते, वाटाघाटी चालवाव्या लागतात. रोज गोळीबार चालणाऱ्या ठिकाणी हे जमत नाही. म्हणून चाच्यांचे मोठे तळ युद्धाने होरपळलेल्या मोगादिशूत नव्हते. ते तुलनेने शांत पुंटलँडमधील एय्ल आणि मध्य किनाऱ्यावरील हरारधेरे, होब्यो येथे होते. कायदा दुबळा, पण बाजार चालू, अशा त्या जागा. उलट 2006 मध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने दक्षिणेत जरब बसवली, तेव्हा काही महिने चाचेगिरी ओसरली. इथिओपियाच्या सैन्याने त्या संघटनेला हुसकावल्यावर ती पुन्हा फोफावली.

सप्टेंबर 2008 मध्ये ‘फाइना’ जहाज त्यांच्या हाती लागले. त्यावर 33 रणगाडे होते! देशात यादवी पेटलेली असताना त्यांनी रणगाडे उतरवले नाहीत. पैसे मागितले आणि फेब्रुवारीत सुमारे 32 लाख डॉलर घेऊन जहाज सोडले. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते.

जागतिक बँकेच्या 2013 च्या अहवालानुसार 2005 ते 2012 या काळात 33.9 ते 41.3 कोटी डॉलर खंडणी वसूल झाली. मोठा वाटा भांडवल लावणाऱ्यांचा. होडीतल्या पोराच्या हिश्शातून जेवणाची आणि नशेच्या पाल्याची उधारी वजा होई. आपल्या आज्यापणज्यांना सावकाराची वही आठवावी, असाच तो हिशेब.

भांडवलदार सहसा होडीत बसत नाहीत. हरारधेरेचा म्होरक्या मोहम्मद अब्दी हसन ऊर्फ ‘अफवेने’ 2013 मध्ये ब्रुसेल्सला पकडला गेला, तोही त्याच्या आयुष्यावरील चित्रपटाचे आमिष दाखवून. 2016 मध्ये त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली.